‘तुम्ही रझाकार होता का?’

लातूर जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलंय. नाव-गाव अर्थातच देत नाही. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. वाचते भरपूर, पण सगळं इंग्रजी: ड्रॅगन, जादूच्या शाळा, डायऱ्या लिहिणारी मुलं. आपल्या मातीतलं काही वाचावं म्हणून आईनं एका प्रदर्शनातून ‘संस्कृती आणि इतिहास’ असा दहा पुस्तकांचा संच आणला. तो तसाच पडून आहे. मध्यंतरी सतरा सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा कार्यक्रम झाला, मुलांनी एक नाटुकलं केलं. घरी आल्यावर आजोबांनी आपली हकीकत सांगितली: आठ वर्षांचे असताना रझाकारांच्या भीतीनं रात्रीतून गाव सोडून सगळं घर बार्शीकडे कसं पळालं त्याची. दुसऱ्या दिवशी मुलीनं शेजारच्या, रोज सोबत खेळणाऱ्या मुसलमान मैत्रिणीला सरळ विचारलं, ‘तुम्ही रझाकार होता का?’ ती रडत घरी गेली. आईनं मुलीला रागावलं, सासऱ्यांना ‘हे विषय नकोत’ म्हणून सांगितलं, सासरे दुखावले. नवऱ्याचं म्हणणं, इतिहास-बितिहास मोठी झाली की वाचेल, आत्तापासून कशाला डोकं भरवायचं. आई लिहिते, ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिच्याएवढीच होते. आम्हाला काही शिकवावं लागलं नाही, आपोआप कळत गेलं. हिला मात्र आपलं काहीच माहीत नाही.’ तिचे प्रश्न दोन. आपल्या भागाची ओढ लागेल अशी पुस्तकं कोणती? आणि रझाकारांचा विषय आता काढावा की नाही?

ताई,

तुम्ही पुस्तकांची यादी मागितली आहे, पण पत्रात सगळ्यात जास्त ओळी शेजारच्या मुलीवर खर्ची घातल्यात. म्हणून आधी तिचं बघू.

तुम्ही मुलीला रागावलात हे साहजिक आहे. तोंडून शब्द असा बाहेर पडला की आईच्या पोटात गोळाच येतो. पण रागावल्यानं तिला एवढंच समजलं, की हा शब्द उच्चारायचा नसतो. का उच्चारायचा नसतो, ते राहूनच गेलं. नऊ वर्षांचं लेकरू एवढ्यावर थांबत नाही, बाकीचं स्वतःच्या मनानं भरून घेतं. नाटुकल्यात रझाकार कसे दाखवले असतील ते मी न बघताही सांगू शकते: काळी दाढी, डोक्यावर टोपी, हातात लाकडी तलवार. पोरीनं टोपी ओळखली आणि शेजारच्या घराशी जोडली. तिचं गणित बरोबरच होतं. चुकीचं होतं ते शाळेनं दिलेलं उदाहरण.

तेव्हा विषय काढावा की नाही, हा प्रश्नच आता उरलेला नाही. विषय निघालाय. फक्त तो अर्धा निघालाय.

तिला सांगायला दहा मिनिटं पुरतील. आपला सगळा मराठवाडा तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण निजामाला भारतात यायचं नव्हतं. लोकांना यायचं होतं, म्हणून स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढारीपणाखाली त्यांनी चळवळ केली. ती मोडून काढायला रझाकार नावाची संघटना पुढे आली, तिनं गावोगाव अत्याचार केले. तिचा म्होरक्या कासीम रझवी हा आपल्या लातुरातच वकिली करणारा माणूस. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत आलं आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आणि मग हे सांगा, की त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान नावाच्या तरुण संपादकाला रझाकारांनी मारलं. का? तर हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं ते आपल्या ‘इमरोज’ या उर्दू वर्तमानपत्रात लिहीत होते म्हणून. मारणारे रझाकार, मेलेला माणूस मुसलमान. पोरीच्या डोक्यात बसलेलं समीकरण हलवायला हे एक नाव पुरेसं आहे. मुलांना माणसांची नावं लागतात, ‘सगळेच काही तसे नसतात’ असल्या वाक्यानं त्यांचं समाधान होत नाही.

पुढचं मुलीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. सैन्याच्या त्या कारवाईनंतर (तिलाच ‘पोलीस कारवाई’ म्हणतात) काही दिवस आपल्याच भागात मुसलमानांवर फार वाईट वेळ आली. नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं दिली. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होतं. अहवाल कित्येक वर्षं बाहेर आला नाही, घराघरांतली आठवण मात्र कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. शेजारच्या घरातही एखादे आजोबा असतील, त्यांचीही एखादी रात्र असेल, आणि ती त्यांनी नातीला सांगितलेली असो वा नसो. ती पोर नुसत्या एका प्रश्नानं रडत का गेली असेल, याचा विचार करताना हे लक्षात ठेवा.

त्या घरी जाऊन या. आजच संध्याकाळी. सणाची, शीरखुर्म्याची वाट बघत बसू नका. मुलीला सोबत न्या, पण माफीचं भाषण पाठ करून घेऊ नका. ‘हिनं असं विचारलं, हिला नीट माहीत नव्हतं, आम्ही सांगितलंय’ एवढं तुम्ही तिच्या आईशी बोला. मुलींना बाहेर खेळायला सोडा.

सासऱ्यांना तुम्ही गप्प बसवलंत, ते मात्र मला पटलं नाही. त्या रात्रीची हकीकत प्रत्यक्ष सांगू शकणारं माणूस आता किती घरांत उरलंय? त्यांची गोष्ट मुलीपर्यंत पोचली पाहिजे, सगळी पोचली पाहिजे. आत्ता ते भीती सांगतात, कारण आठ वर्षांच्या पोराला भीतीच आठवते. तुम्ही शेजारी बसून त्यांना बारीकसारीक विचारत जा. बळदातलं धान्य तसंच ठेवून निघालात की सोबत घेतलंत? बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढली होती का? कुत्र्याचं काय केलं? वाटेत कुणी पाणी दिलं? बार्शी इंग्रजांकडून सुटलेल्या मुलखात, तिथं गेल्यावर कुठं राहिलात? परत आलात तेव्हा घरात काय उरलं होतं? वाटेत मदत करणारा कोण होता, हा प्रश्न नक्की विचारा. उत्तर काय येईल ते मी धरून चालत नाही. कुणीच दार उघडलं नाही, असंही येईल. आलं तर तेही ऐकावं लागेल. पण असं विचारलं की गोष्टीत माणसं येतात, आणि माणसं आली की ‘ते’ आणि ‘आपण’ एवढंच राहत नाही.

आता पुस्तकांकडे येते.

‘आपलं काहीच माहीत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. खरंच? येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ती शेतात येते का? कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडताना दगडांना चुना कुणी लावला, आंबिलीचं मडकं कुणी धरलं, उंड्यांसोबत भज्जी किती खाल्ली? लातूर-धाराशिवकडच्या लेकरांना हे माहीत असतंच. फक्त ते ‘संस्कृती’ या मथळ्याखाली येतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि नाही सांगितलं तेच बरं. तुम्ही आणलेल्या संचात येळवशीवर एक तरी पान आहे का बघा. बहुतेक नसेल.

असे संच मी चाळलेत. बहुतेकांत खेड्याचं चित्र म्हणजे लाल कौलांचं उतरत्या छपराचं घर, मागे डोंगर, बाजूला नारळ. आपल्याकडचं मातीच्या सपाट छताचं माळवद, दारातली ढाळज, काळ्या रानात मधेच उभी बाभळ, ज्वारीचं वाऱ्यावर हलणारं शिवार, हे कुठं आहे? मुलगी ते पान उलटते कारण ते तिच्या गावाचं चित्र नाही. ड्रॅगनही तिच्या गावचा नसतो, पण तो तसा आवही आणत नाही. आणि प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत छापलेलं तात्पर्य! माझं चाललं तर बालपुस्तकांतून तात्पर्याची चौकट कायद्यानं बंद करीन.

इतिहास म्हटला की गड-किल्ल्यांवर सगळा भर. चौथीच्या पुस्तकात शिवछत्रपती असतात, ते हवेतच. पण त्यामुळं मुलांचा असा समज होतो की इतिहास सह्याद्रीत घडला आणि आपण तो सहलीला जाऊन बघायचा. म्हणून दुकानात गेलात की शोधायचं ते ‘मराठवाडा’ असं नाव छापलेलं पुस्तक नव्हे, तशी मिळतात थोडी आणि त्यातली बरीचशी स्पर्धा परीक्षेवाल्यांची. आपल्या भागातली माणसं गोष्टीतून भेटतील असं बघा.

मलिक अंबर घ्या. इथिओपियातलं एक पोर, गुलाम म्हणून विकलं गेलं, हातोहात करत दख्खनला पोचलं आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झालं. १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथं पाणी आणलं ते जमिनीखालून, नहर खोदून. आपल्याकडच्या पोराला पाण्याची गोष्ट सांगावी लागत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरची ती मुलगी आहे, चारशे वर्षांपूर्वी कुणी शहरभर पाणी कसं फिरवलं हे ती डोळे मोठे करून ऐकेल. मग नळदुर्गच्या किल्ल्यात न्या, पाणीमहालात. धरणाच्या भिंतीतच खोल्या काढल्यात आणि पावसाळ्यात त्यांच्या अंगावरून नर-मादी धबधबे कोसळतात. हे बघून आल्यावर पुस्तक दिलं तर उघडलं जातं. आधी पुस्तक, मग सहल असं केलं तर दोन्ही अभ्यास होतात.

संतांच्या पुस्तकांबद्दल जरा सांभाळून. तेर तुमच्यापासून लांब नाही, म्हणून गोरा कुंभार तुम्ही आधी निवडाल. पुस्तकात हमखास काय असतं? विठ्ठलाच्या भजनात गुंग झालेल्या गोरोबांच्या पायांखाली स्वतःचं रांगतं मूल चिखलात तुडवलं जातं, तो प्रसंग. मोठ्यांसाठी तो भक्तीचा, लेकरासाठी तो बापाचा. मी कित्येक मुलांना त्या चित्रापाशी गप्प झालेलं पाहिलंय. त्याऐवजी थापटण्याची, म्हणजे कुंभाराच्या मडकं ठोकायच्या लाकडी फळीची, गोष्ट सांगा. संतमंडळी जमलेली असतात. मुक्ताई विचारते, हे काय आहे? गोरोबा म्हणतात, मडकं भाजलंय की कच्चं ते यानं कळतं. मग काय, एकेकाच्या डोक्यावर थापटणं. सगळे निमूट मार खातात, एकटे नामदेव चिडतात, आणि गोरोबा निकाल देतात: हे मडकं कच्चं. रुसलेले नामदेव पुढं औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून खुशाल पडलेले. नामदेव संतापतात. विसोबा म्हणतात, देव जिथं नाही तिथं माझे पाय ठेव बाबा. ठेवून बघ. नऊ वर्षांची पोरं या गोष्टीवर खदखदून हसतात आणि मग ‘म्हणजे?’ असं विचारतात. एवढं झालं की पुष्कळ झालं.

नकाशा काढून बसलात तर गंमत येईल. नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यात, विसोबांचं औंढा तिथंच जवळ, गोरोबांचं तेर धाराशिवला, जनाबाईचं गंगाखेड परभणीत, नाथांचं पैठण गोदावरीकाठी. एसटीनं गाठता येतात सगळी. आणि नामदेवांची पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत हे नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगरला बसल्यावर सांगितलं तर तिला वेगळंच वाटेल. तेरच्या संग्रहालयात तिला पाट्या वाचायची सक्ती करू नका. दोन हजार वर्षांपूर्वीची मातीची खेळणी आणि बाहुल्या तिथं आहेत, ती त्या काचेपुढं आपणहून थांबेल.

मुक्तिसंग्रामावर मुलांसाठी वाचायला शोधणार असाल तर लढाईपेक्षा मुलांच्या वयाजवळचे प्रसंग बघा. १९३८ साली निजामाच्या राज्यातल्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम’ म्हणायचं सोडलं नाही म्हणून त्यांना कॉलेजातून काढलं आणि त्यातल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठानं घेतलं. एक गाणं म्हटलं म्हणून नाव कापलं गेलं, हे चौथीतल्या मुलीला समजतं. छळाच्या कहाण्या, जाळपोळ हे तेराचौदाव्या वर्षी. तेव्हा मात्र दोन्ही बाजूंचं.

पुस्तक विकत घेण्याआधी एक परीक्षा सुचवते, सगळ्याच पालकांना. दुकानात उभ्या उभ्या मधलं एखादं पान वाचा आणि मनाशी विचारा, शेजारच्या त्या पोरीला मांडीला मांडी लावून बसवून हे मोठ्यानं वाचता येईल का? वाचताना कुठं आवाज खाली करावासा वाटला, एखादी ओळ गाळावीशी वाटली, तर पुस्तक परत फडताळात ठेवा. ही परीक्षा फक्त धर्मापुरती नाही. गावकुसाबाहेरच्या घरातलं लेकरू, ऊसतोडीला कोयता घेऊन गेलेल्या आईबापांचं लेकरू, तांड्यावरचं लेकरू, कुणीही शेजारी असू शकतं. ‘आपली संस्कृती’ म्हणताना ‘आपली’मध्ये कोण कोण धरलंय ते पुस्तकाच्या चित्रांतच दिसतं. आडनावं बघा, स्वयंपाकघर बघा, लगेच कळतं.

खर्च फार करू नका. ‘किशोर’ मासिक बालभारती १९७१ पासून काढतंय, किंमत परवडणारी आहे आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीतली चित्रपुस्तकं फुकट आहेत, छापूनही घेता येतात. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाला सरकारी अनुदान मिळतं, तिथं जाऊन बालविभागाची मागणी वहीत लिहून या. मागणी कुणी करत नाही म्हणून कादंबऱ्याच येत राहतात. शाळेतल्या कपाटाचं कुलूप हा वेगळा विषय आहे. पुस्तक हरवलं तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, कोण उत्तर देणार, या भीतीनं गुरुजी कपाट उघडत नाहीत. पालक सभेत एवढंच म्हणा, की फाटलेल्या पुस्तकाची भरपाई आम्ही पालक देऊ. कुलूप निघतं, मी पाहिलंय.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात. भूकंप झाला तेव्हा मी तिच्याएवढीच होते.

इतिहास सासऱ्यांकडे आहे आणि पुस्तकांत आहे, आपल्याकडे नाही, असं तुम्ही धरून चाललाय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. तुम्ही किती लांब होतात, कुणी उठवलं, अंगणात कुणाच्या कडेवर होतात? ‘आपोआप कळत गेलं’ म्हणता, पण तुम्हाला ते कळलं कारण तुम्ही त्यात होतात. मुलीला आपोआप कसं कळेल? ती जन्मली तेव्हा गावं नव्या जागी वसून, आरसीसीची घरं उठून वर्षं झाली होती. लातूरला कधी भूकंप झाला होता हे तिच्या कानावर आलंही असेल, पण आपल्या आईला तेव्हा भीती वाटली होती हे तिला माहीत नाही.

तिच्यासाठी पहिलं पुस्तक तुम्हीच करा. शंभर पानी वही घ्या, अर्ध्या पानावर चित्र, अर्ध्यावर मजकूर. तुम्ही सांगायचं, तिनं लिहायचं. माळवदाची घरं एवढी का कोसळली हे तिला चित्र काढूनच समजावता येईल: दगड-मातीची दोन-दोन हात रुंद भिंत, वर लाकडावर मातीचा जाड थर, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून पिढ्यान् पिढ्या वाढवत नेलेला. तेच ओझं झोपेतल्या माणसांवर आलं. मग पत्र्याचे शेड, मदत घेऊन आलेले परमुलखातले लोक, शाळा पुन्हा कधी भरली, वर्गात कोण आलं नाही. किती सांगायचं ते तिच्या चेहऱ्याकडे बघत ठरवा. तुमचा आवाज भरून आला तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुढचं पान. घरात जसं बोलता तसंच तिला लिहू द्या. ‘माय म्हणली’ असं तिनं लिहिलं तर ते खोडून ‘आई म्हणाली’ करू नका.

दुसरी वही आजोबांची. ती वही करताना शेजारची मैत्रीण येऊन बसली तर तिलाही पेन्सिल द्या, आणि तिच्या घरच्या आजोबा-आजीला काही सांगायचं असेल तर तिसरी वही. त्यांना नसेल सांगायचं तर विषय वाढवू नका.

नवऱ्याला सांगा, डोकं भरवायला आपण नसलो तरी दुसरे बसलेलेच असतात, आणि त्यांच्याकडे मोबाइल आहे. पण त्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. ड्रॅगन वाचणाऱ्या मुलीच्या हातातून ड्रॅगन काढून घेऊ नका. इंग्रजी पुस्तकं वाचते म्हणून ती परकी होत नाही, वाचायची सवय लागलीय हेच मोठं भांडवल आहे. झोपताना एक गोष्ट तिच्या पसंतीची, एक तुमच्या, एवढा करार करा. संचातली दोन-तीन बरी पुस्तकं निघाली तर ठेवा, बाकीची शाळेला देऊन टाका. आणि येत्या सप्टेंबरच्या आधी वर्गशिक्षिकेला भेटून नाटुकल्याच्या पात्रांत शोएबुल्ला खानांना घ्यायला सांगा. जुलैतच भेटा, ऑगस्टमध्ये त्यांच्या मागे पंधरा ऑगस्टची तयारी असते.